शाळा कोणाची?
लोकसहभाग आणि शाळासुधारणा : माळव्यातून पाहिलेला इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या हाताखाली मी शिकलो, आणि पुढे त्यांच्याच सांगण्यावरून शिक्षकी पेशात शिरलो. त्यांची एक सवय जुन्या मंडळींना आठवत असेल. दर वर्षी शाळा उघडण्यापूर्वीचा आठवडा ते मोहल्ल्यात घरोघर फिरण्यात घालवीत. हातात वही, पायांत जुन्या वहाणा. ओट्यावर बसून चहा घ्यायचा, घरात मुले किती, शाळेत किती, उरलेली कुठे, एवढेच विचारायचे. आम्हांला तेव्हा तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. आज त्या सवयीतच माझ्या विषयाचे बीज मला दिसते. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एकच प्रश्न निवडला आहे: सरकारी शाळा कोणाची? जो पैसा देतो त्याची, जो शिकवतो त्याची, की ज्याचे मूल तिथे बसते त्याची?

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि बत्तीस वर्षे सरकारी शाळांत मास्तरकी केली आहे. यामुळे हे विवेचन थोडे ग्रंथांतले आणि थोडे अनुभवातले असेल. या इतिहासात माझाही एक लहानसा अपराध आहे. तोही योग्य ठिकाणी सांगेन.

१

इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे शाळा नव्हत्या असे नाही. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सधन घराच्या ओटीवर पंतोजी मुले जमवीत, धुळाक्षरे गिरवून घेत, आणि त्यांचा निर्वाह गाव धान्याने अन् सणावारी दक्षिणेने करी. अशी शाळा गावाची होती खरी. पण ‘गाव’ म्हणजे कोण, हा प्रश्न विचारला की उत्तर अडखळते. मुली तिथे नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरची मुले तर नव्हतीच. लोकसहभाग हा शब्द आपण फार श्रद्धेने उच्चारतो. पण ‘लोक’ या शब्दात कोण येतो आणि कोण सुटतो, हे पाहिल्यावाचून तो उच्चारू नये, हा इतिहासाचा पहिला इशारा आहे.

हा इशारा सर्वांत स्पष्टपणे दिला तो जोतीराव फुले यांनी. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या पुरुषाने १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्याचा गाभा हिशेबाचा होता. सरकारी तिजोरीत जाणारा महसूल बव्हंशी शेतकऱ्याच्या कष्टांतून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे आणि खेड्यांतील शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक ज्या लोकांत शिकवणार त्या लोकांतलाच असावा हा विचार लक्षात ठेवावा. शंभरहून अधिक वर्षांनी तो आपल्या मध्य प्रदेशात निराळ्या वेषात परत आला.

पुढची पायरी संस्थानांनी गाठली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. ते उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आपले विधेयक मांडले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड त्यात होता. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा मिळाली.

हे सर्व कायदे थोर मनाच्या माणसांनी केले, याबद्दल शंका नाही. तथापि त्यांची रचना पाहा. राजा देणार, रयत घेणार. आणि रयतेने घेतले नाही तर रयतेला दंड. शाळा ही दरबारची देणगी होती. आमच्या होळकरी मुलखातही चित्र वेगळे नव्हते. १८९१ साली स्थापन झालेल्या होळकर कॉलेजची इमारत आजही आपण अभिमानाने पाहतो. पण त्या काळी इंदुरापासून दहा कोसांवरच्या खेड्यातल्या मुलाला अक्षरओळख कोण करून देत होता, हा प्रश्न दरबाराला कोणी विचारू शकत नव्हते. देणगी मागता येते, तिचा जाब विचारता येत नाही.

२

या रचनेला छेद देणारी एक धारा मात्र महाराष्ट्रात वाहत होती. १९१९ साली काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली सातारा येथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, श्रम करून शिकत. आणि खेड्यापाड्यांतले लोक धान्य, लाकूडफाटा, जागा, जे असेल ते देत. ‘रयत’ हा शब्द इथे दान घेणाऱ्याचा राहिला नाही, देणाऱ्याचा झाला. लोकांनी हात लावला की शाळा उभी राहते हे भाऊरावांनी सिद्ध केले.

त्याच सुमारास सरकारी शाळांबाबतही एक प्रयोग झाला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या हाती सोपवल्या. उद्देश उत्तम होता. परंतु शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या स्थानिक पुढाऱ्यांच्या मर्जीवर होऊ लागल्या अशा तक्रारी वाढल्या, आणि १९४७ च्या कायद्याने सरकारने बरेच अधिकार पुन्हा आपल्याकडे ओढले. सत्ता जिल्ह्यापर्यंत उतरली, पण पालकापर्यंत पोचली नव्हती. साहेबाच्या जागी अध्यक्ष बसला. वर्गात बसलेल्या मुलाच्या आईला त्यात बोलायला जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर या दोन्ही अनुभवांचा विचार करणाऱ्यांत एक नाव फार मोठे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळातल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. एका वस्तीतली सर्व मुले, गरिबाची आणि श्रीमंताची, एकाच शाळेत शिकावीत. त्यामागचा तर्क केवळ समतेचा नव्हता, व्यवहाराचाही होता. ज्यांच्या शब्दाला वजन असते त्यांची मुले ज्या शाळेत असतात ती शाळा बिघडू दिली जात नाही. आयोगाने शाळासमूहांचीही सूचना केली. जवळपासच्या शाळांनी एकमेकींना सांभाळावे, शिक्षकांनी एकत्र बसून आपले प्रश्न सोडवावेत. यांपैकी पहिली सूचना देशाने मान डोलावून बाजूस ठेवली. दुसरीचा उपयोग जिथे झाला त्या ठिकाणी आता जाऊ.

३

१९७२ साली आपल्या राज्यातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, आज ज्याला नर्मदापुरम म्हणतात, किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक नवा प्रयोग आरंभला. सहावी ते आठवीची मुले चौघाचौघांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत. बी रुजवीत, पाने गोळा करीत, वजने मोजीत, वहीत नोंदी लिहीत आणि निष्कर्षावर भांडत. ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक त्यांना उत्तरे देत नसे, प्रश्न विचारी. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण परीक्षा पाठांतराची नव्हतीच. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक उन्हाळी शिबिरांत खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसत. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत सुरू झाला. १९८२ साली तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली, आणि माळव्यातल्याही काही शाळांपर्यंत तो पोचला.

अशाच एका शाळेतली मासिक बैठक मी पाहिली आहे. पंधरा-वीस शिक्षक, समोर चहाचे कप आणि तुटक्या काड्यापेट्या. एक शिक्षक उभा राहिला आणि म्हणाला, “या प्रयोगात माझ्या मुलांना जे उत्तर आले ते मला कळले नाही.” मी थक्क झालो. दहा वर्षांच्या नोकरीत ‘मला कळले नाही’ हे वाक्य मी कोणा शिक्षकाच्या तोंडून चारचौघांत ऐकले नव्हते. माझ्या तोंडून तर नाहीच. मुले ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक व्यक्तीला पत्रे लिहून वाटेल ते प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे मिळत. शाळा सुधारते म्हणजे काय, याचे दर्शन मला तिथे झाले. इमारत तीच होती, पगार तोच होता. पण शिक्षकाचा ताठा गेला होता आणि मुलाची भीती गेली होती.

४

आता मी माझ्या अपराधाकडे येतो.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींच्या निवडणुका घेणारे पहिले राज्य म्हणजे मध्य प्रदेश. त्या १९९४ साली झाल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९६ साली, राज्यभर ‘लोक संपर्क अभियान’ झाले. पंचायतींचे लोक, शिक्षक आणि गावातले साक्षर तरुण यांनी घरोघर जाऊन कोणते मूल शाळेत जाते आणि कोणते जात नाही याची नोंद करायची होती. तोवर ही माहिती शाळांच्या हजेरीपटांवरून वर जात असे, आणि त्या आकड्यांवर विश्वास ठेवला तर जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत होते.

मी तेव्हा इंदुरापासून दूर, आदिवासी भागातल्या एका शाळेत होतो. पहिल्या घरी गेलो. अंगणात एक मुलगा बकरीच्या पिलाला पाला चारत बसला होता. त्याचे नाव विचारले. नाव माझ्या ओळखीचे होते. माझ्या हजेरीपटावर ते होते. मुलाने मला ओळखले नाही. त्याने ओळखावे तरी कसे? तो शाळेत कधी आलाच नव्हता. त्याचे नाव मीच, मागच्या वर्षीच्या पटाची संख्या खाली येऊ नये म्हणून, आपल्या हाताने उतरवले होते. त्या पाड्यावर अशी सात मुले मला भेटली. त्याची आई दारात उभी होती. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “मास्तर, नदीपलीकडच्या शाळेत हा लेकरू पावसाळ्यात जाणार कसा? शाळा इकडे का येत नाही?”

मित्रहो, पंधरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण मी कोणाच्या दारात गेलो नव्हतो. गुरुजींची वही मला त्या अंगणात आठवली. सरकारी आकडा आणि घरचे मूल यांच्यामध्ये माझ्यासारख्या हजारो मास्तरांची लेखणी उभी होती. ती भिंत पाडली ती कोणा निरीक्षकाने नव्हे. लोकांनी आपली मुले स्वतः मोजली तेव्हाच ती पडली.

त्या मोजणीतून जे निघाले त्याला सरकारने उत्तर दिले, हे नमूद केले पाहिजे. १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना लागू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि शिकण्याच्या वयाची चाळीस मुले असतील, आदिवासी भागात पंचवीस, तर गावाने पंचायतीकडे मागणी करायची. आणि सरकारने नव्वद दिवसांत शाळा द्यायची. जागा गावाने द्यायची, शिकवणारा गावातलाच सुचवायचा. त्याला ‘गुरुजी’ म्हणत आणि आरंभी दरमहा पाचशे रुपये मानधन मिळे. पहिल्याच वर्षात पंधरा हजारांहून अधिक शाळा उघडल्या. यांतल्या बहुसंख्य आदिवासी वस्त्यांत होत्या. १९९८ साली या योजनेला राष्ट्रकुलातल्या लोकप्रशासन संघटनेचा नावीन्याचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे केंद्र सरकारनेही हेच नाव घेऊन आपली योजना आखली.

इतिहासाच्या दृष्टीने यातली उलटापालट विलक्षण आहे. १९१७ साली मूल शाळेत आले नाही तर दंड पालकाला होता. १९९७ साली मुदत सरकारला होती. देणगीची शाळा मागणीची झाली. त्या आईचा प्रश्न आता अर्ज होऊ शकत होता. आमच्या पाड्यावर शाळा आली तेव्हा ती एका शेतकऱ्याच्या टपरीत भरली. शिकवणारा आठवी-दहावी झालेला गावचाच पोरगा होता. बकरी चारणारा तो मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. फुल्यांनी मागितलेला ‘आपल्यातला शिक्षक’ तो हाच का, असा विचार माझ्या मनात आला. १९९१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता शेकडा ४४ च्या आसपास होती. २००१ साली, छत्तीसगड वेगळे झाल्यावर, ती ६४ च्या आसपास पोचली. हे श्रेय एकट्या या योजनेचे नव्हे. साक्षरता मोहिमांचा आणि इतर प्रयत्नांचा त्यात मोठा वाटा आहे. पण त्या दशकात काही हलले, हे नाकारता येणार नाही.

५

तरीही इथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाचशे रुपयांत शिक्षक मिळतो हे एकदा सरकारला कळले की पुरा पगार कशाला द्यायचा, असा विचार सरकार करणारच. कायम शिक्षकांच्या जागा भरण्याऐवजी शिक्षाकर्मी, संविदा शिक्षक आणि गुरुजी यांच्यावर काम भागवण्याची रीत त्याच वर्षांत रूढ झाली. टीकाकारांनी विचारले की गरिबाच्या मुलाला स्वस्तातली शाळा का? प्रश्न रास्त होता. गुरुजी आपल्यातला होता, पण त्याला घडवणारे कोणी नव्हते. पुढे या शाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि बऱ्याच गुरुजींना पात्रता परीक्षा देऊन सेवेत घेतले गेले. पण त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे धरणी धरावी लागली.

आणि याच सुमारास दुसरी घटना घडली. २००२ साली होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम बंद झाला. त्याविरुद्ध देशभरातून वैज्ञानिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी आवाज उठवला; पण बंदीची मागणी कुठून आली, हे आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. जिल्हा नियोजन समितीत ठराव झाला, आणि राज्य सरकारने त्यानुसार आदेश काढला. म्हणजे ज्या विकेंद्रीकरणाने पाड्यावर शाळा आणली त्याच विकेंद्रीकरणाच्या वाटेने तीस वर्षांचा हा प्रयोग गेला. काही पालकांची तक्रार अशी की नववी-दहावीला पुस्तके जुन्याच पद्धतीची असतात, तिथे आमची मुले मागे पडतात. तक्रार चुकीची असेल, अपुऱ्या माहितीवर असेल; पण ती ऐकून पालकांशी बोलण्याचे काम तीस वर्षांत पुरेसे झाले नव्हते असे मला वाटते. वैज्ञानिक शिक्षकापर्यंत पोचले, शिक्षक मुलापर्यंत पोचला. मुलाच्या ओट्यावर मात्र कोणी पुरेसे बसले नाही.

माझ्या मते या दोन कथा एकच धडा दोन बाजूंनी शिकवतात. हमी योजनेत लोक होते, पण अध्यापनाचा कस नव्हता. म्हणून शाळा आली, तरी शिक्षण रेंगाळले. होशंगाबादेत अध्यापनाचा कस होता, पण लोकांची मुळे उथळ होती; म्हणून शिक्षण बहरले, तरी वाऱ्यात टिकले नाही. बैलगाडीला दोन चाके लागतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेला मात्र ते अजून पुरते पटलेले नाही.

६

दोन्ही चाके एकत्र फिरली की काय होते याचे एक उदाहरण पुन्हा महाराष्ट्रातच आहे, आणि तेही भाऊरावांच्या सातारा जिल्ह्यात. कुमठे बीट हा जिल्हा परिषदेच्या सुमारे चाळीस शाळांचा गट. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी गेल्या दशकाच्या प्रारंभी आपल्या शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवण्याचा प्रयत्न सुरू केला. वर्गातली फरशी फळ्यासारखी रंगवली गेली, मुले गटांत बसून चिंचोके आणि मणी हाताळत अंक शिकू लागली. आणि आपले मूल वाचते आहे हे दिसल्यावर गावांनी हात पुढे केला. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ साली निघालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाला या अनुभवाचा आधार होता. कोठारी आयोगाने मांडलेला शाळासमूह तिथे कागदावरून उतरून चालताना दिसला. क्रम लक्षात घ्यावा: आधी शिक्षकांनी एकमेकांकडून शिकणे, मग मुलाने शिकणे, मग ते पाहून गावाने विश्वास ठेवणे.

आज कायद्याने पालकाला जेवढा अधिकार दिला आहे तेवढा यापूर्वी कधीही नव्हता. आपल्या राज्यात २००२ च्या जन शिक्षा अधिनियमाने पालक-शिक्षक संघांना कायदेशीर स्थान दिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित घटकांच्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, आणि शाळाविकासाचा आराखडा या समितीने तयार करावा, असे कायदा सांगतो. ओवरीतल्या शाळेत जी सुटली होती तीच ही माणसे. कायद्याने त्यांना ओटीवर नव्हे, माजघरात आणून बसवले आहे.

पण बसवले म्हणजे बोलू दिले असे नाही. निवृत्तीनंतर मी काही समित्यांच्या बैठकांना जाऊन बसलो आहे. बहुधा ठराव आधीच लिहिलेला असतो आणि मजुरी बुडवून आलेली आई अंगठा किंवा सही करून परत जाते. हा दोष तिचा नव्हे. मागे मी हजेरीपटावर खोटी नावे लिहिली. आज सभेच्या वहीत खऱ्या नावांसमोर खोटी सहमती लिहिली जाते. हा दुसरा अपराध पहिल्याहून लहान नाही.

७

शेवटी आपल्या गावाविषयी. इंदूरचे आपण मराठी लोक शिक्षणाविषयी फार अभिमान बाळगतो. १९१५ साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य सभा आपल्याच पूर्वजांनी उभी केली. शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली बाल निकेतन संघ सुरू केला, आणि त्यांचे काम पुढे आदिवासी मुलांपर्यंत गेले. हा वारसा खरा आहे. परंतु एक अप्रिय गोष्टही तितकीच खरी आहे. आपल्यापैकी किती जणांची नातवंडे सरकारी शाळेत आहेत? माझी नाहीत. आपण त्या शाळांतून मुले काढून घेतली, आणि मुलांबरोबर आपला आवाजही काढून घेतला. शेजारशाळेविषयी कोठारी आयोगाने जे सांगितले होते त्याचा उलटा पुरावा आपणच निर्माण केला.

मग आपण काय करू शकतो? या शहराने एक गोष्ट करून दाखवली आहे. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूरचा पहिला क्रमांक आला. तो नुसत्या गाड्यांनी आला नाही आणि नुसत्या घोषणांनीही नाही. महापालिकेची गाडी रोज ठरल्या वेळी दारात आली, आणि गृहिणीने ओला व सुका कचरा वेगळा केला. गाडी चुकली असती तर गृहिणी कंटाळली असती. गृहिणी चुकली असती तर गाडी व्यर्थ गेली असती. ज्या शहराला हा व्यवहार कळला त्याला शाळेचा व्यवहार अवघड वाटू नये.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या मोहल्ल्यातली सरकारी शाळा कुठे आहे हे प्रत्येकाने जाणून घ्यावे. या शाळेच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा तिथल्या शिक्षकांबरोबर बसावे. शिकवायला नव्हे, ‘मला कळले नाही’ असे म्हणायला. निवृत्तांनी समितीच्या सभेआधी एखाद्या आईला आराखडा तिच्या भाषेत वाचून दाखवावा, म्हणजे सही करण्यापूर्वी तिला प्रश्न सुचेल. आणि सभेत ती बोलू लागली की आपण गप्प बसावे. मदत करणाऱ्यांना हे शेवटचे काम सर्वांत कठीण जाते.

तो बकरीवाला मुलगा पुढे किती शिकला, हे तुम्ही मला विचाराल. पाचवी झाल्यावर माझी बदली झाली आणि त्याची माझी गाठ पडली नाही. पण त्या शाळेतल्या हजेरीपटावर त्याचे नाव मी दुसऱ्यांदा लिहिले तो दिवस मला लख्ख आठवतो. अक्षरे तीच होती. या वेळी माझ्या टेबलापाशी तो स्वतः उभा होता, आणि नाव बरोबर लिहिले जाते की नाही हे त्याची आई मागून पाहत होती. तिला वाचता येत नव्हते. तरी ती पाहत होती. शाळा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.